उजव्या पायाशी

बसस्टँडमधून एक लाल एसटी बाहेर येत होती. तिच्या आधी निघावं म्हणून मी पेडल पूर्ण दाबलं आणि गाडीनं ऐकलं नाही. पाय खाली गेला, इंजिन मात्र होतं तिथंच राहिलं. समोर पिवळा दिवा लागला. एसटीवाल्यानं लांब हॉर्न दिला, मागचा रिक्षावाला हिंदीत काहीतरी बोलला, आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं कडेला लागली. झालं एवढंच. हिंगोलीत रोज कुणाची ना कुणाची गाडी अशी कडेला लागते. पण माझ्या उजव्या पायाला हे ओळखीचं होतं. आपण दाबतोय आणि पलीकडे कुणी नाही. दहा महिन्यांपूर्वी हाच पाय होता, असंच पेडल होतं, हाच दिवा होता. तेव्हा मागच्या सीटवर माझी बायको करुणा होती, तिच्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून. आज तिची आई, चतुराबाई, माझ्या शेजारी बसली होती. डोंगरकड्याहून बसनं आली होती, मोतीबिंदू दाखवायला. त्या दिवसानंतर ती माझ्या गाडीत पहिल्यांदाच बसत होती.

"काय झालं, जावईबापू?"

"काही न्हाई, मामी. बघतो."

मी खाली उतरलो, दार उघडं ठेवून वाकलो आणि पेडलच्या वायरकडे हात नेला. हातात किल्ल्यांचा जुडगा होता. तो बोटांतून ओढला गेला आणि पेडलच्या बाजूच्या पत्र्याला खटकन चिकटला. मी तसाच वाकलेला राहिलो. लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल, तळहाताएवढं, पेडलला लागून पत्र्यावर बसलं होतं आणि माझ्या किल्ल्या त्यावर उभ्या राहिल्या होत्या. मी सतरा वर्षं चुंबकांबरोबर काम करतोय. किल्ली कशी ओढली जाते त्यावरून चुंबक केवढं असेल, ते मला साधारण कळतं. हे मोठं होतं. सगळं त्याच क्षणी कळलं असं आता वाटतं, पण तसं झालं नाही. आधी नुसतं कुतूहल वाटलं. हे काय आहे, इथं कसं आलं, किती ताकदीचं असेल. बाकीचं नंतर आलं, आणि कुतूहल आधी आलं याची लाज त्याच्याही नंतर.

"असू द्या ते," वरून चतुराबाई म्हणाली. "लोखंड हाय. मीच लावलंय."

त्या दहा महिन्यांत तिनं मला दर आठवड्याला फोन केला. माझं जेवण झालं का हे विचारायची, आणि मग दर वेळी एकच प्रश्न विचारायची, त्या दिवशी गाडीला काय झालं होतं, कळलं का. मी दर वेळी म्हणायचो, अजून नाही, कळलं की आधी तुम्हाला सांगीन. हे मी तिची समजूत काढायला म्हणत नव्हतो. मला ते कळायला हवं होतं, तिच्यापेक्षा जास्त. कारण जे बिघडलं ते मी बनवलेलं होतं. पुण्यातल्या ज्या कंपनीसाठी मी घरी बसून काम करतो, ती गाड्यांचे सेन्सर बनवते. पेडल किती दाबलं हे इंजिनाला सांगणारा सेन्सर माझा आहे. पूर्वी पेडलला तार असायची, आता नसते. पेडलच्या बुडाशी वाटाण्याएवढं चुंबक असतं आणि त्याच्यासमोर दोन चिपा असतात. पेडलबरोबर चुंबक फिरतं, चिपा त्याची दिशा ओळखतात आणि आकडा सांगतात. कशाला काही घासत नाही, म्हणून काही झिजत नाही. मला या कामात हेच आवडलं होतं. दोन वस्तू एकमेकींना न शिवता एकमेकींची जागा ओळखतात. चिपा दोन एवढ्यासाठी की एक चुकली तर दुसरीवरून कळावं. दोघींचे आकडे जुळले नाहीत तर गाडी कुणावरच विश्वास ठेवत नाही, दिवा लावते आणि रांगायला लागते.

"कधीपासून लावता हे?" मी विचारलं. आवाज साधा ठेवला.

"लोखंड तर पहिल्यापासून हाय. तुमचे सासरे काळी-पिवळी चालवायचे तवापासून. चालवणाऱ्याच्या उजव्या पायाशी लोखंड पाहिजे. बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा व्हता, वीतभर. तीस वर्सं डोंगरकडा-नांदेड केलं त्याह्यनी, एक कोंबडी मेली न्हाई गाडीखाली."

"आणि हे?"

"ते घरंगळायचं. एकदा शिवशंकरच्या ब्रेकखाली गेलं. मंग त्यो म्हनला, माय, हे घे, भोंग्यातलं हाय, पत्र्याला धरतं, हालत न्हाई." शिवशंकर माझा मेहुणा, त्याचं डोंगरकड्यात जळालेल्या पंपांच्या मोटारी भरायचं आणि लाउडस्पीकरचे भोंगे दुरुस्तीचं दुकान आहे. "शिवरात्रीला औंढ्याला नेऊन नागनाथाच्या पायरीला लावून आणलं. तवापासून ज्या गाडीत बसते तिच्यात लावते. उतरताना काढून घेते. दुसऱ्या गाडीला बी लागतं ना."

शिवरात्र. त्यानंतर अकराव्या दिवशी करुणा गेली. त्या आठवड्यात चतुराबाई आमच्याकडे हिंगोलीत राहायला आली होती. मी किल्ल्या ओढून काढल्या. मग चुंबक काढलं. ते सहज निघालं नाही, कडेनं सरकवून काढावं लागलं. "हे मागं ठेवतो," म्हणालो. तिनं तोंड वाकडं केलं, पण दवाखान्याची वेळ होत आली होती. डिकीत ठेवलं, गाडी पुन्हा चालू केली. पिवळा दिवा गेला. मी हळूच पेडल दाबलं आणि गाडी निघाली, काही झालंच नाही अशी.

डोळ्यांच्या दवाखान्यात तिच्या डोळ्यांत थेंब घातले आणि तासभर बसायला सांगितलं. ती डोळे मिटून भिंतीला टेकून बसली. शेजारी मी. समोर दहा-बारा म्हातारी माणसं तशीच डोळे मिटून बसली होती आणि दर वीस मिनिटांनी एक मुलगी येऊन सगळ्यांच्या डोळ्यांत पुन्हा थेंब टाकत होती. मी आठवून बघत होतो. त्या दिवशी सकाळी इथल्या डॉक्टरांनी हृदयाचा कागद बघून सांगितलं, नांदेडला न्या, आत्ता. अँब्युलन्स कळमनुरीकडे गेलेली होती. मी गाडी काढली. शेजाऱ्यांनी करुणाला मागं बसवलं. आणि चतुराबाई मागं बसायच्या आधी माझ्या दाराशी आली, वाकली, आत हात घातला, मग तो हात कपाळाला लावला. हे मला स्पष्ट आठवलं. मी तेव्हा ते बघितलं होतं. गाडीला नमस्कार करतेय, असं वाटलं होतं. आमच्याकडे बाया ट्रॅक्टरला करतात, एसटीच्या पायरीला करतात. मी मनात म्हटलं होतं, लवकर करा. म्हणजे मी बघितलं आणि त्यावर विचार केला नाही. नंतर दहा महिने मी इतक्या गोष्टींवर विचार केला, त्यात तो नमस्कार एकदाही आला नाही.

गाडी कळमनुरीपर्यंत नीट गेली. गावातून जाताना मी पेडल पूर्ण कधी दाबलंच नाही, गर्दी होती. बाहेर पडल्यावर पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या. त्याला मागं टाकायला मी पाय पूर्ण दाबला आणि दिवा लागला. वीसच्या वर काटा जाईना. मला ठाऊक होतं, बंद करून चालू केली की दिवा जातो. दोनदा केलं. दोन्ही वेळा गाडी सुरू झाली आणि दोन्ही वेळा मी घाईनं पुन्हा पूर्ण दाबलं. तिसऱ्यांदा बंद करायची हिंमत झाली नाही, चालूच झाली नाही तर काय, असं वाटलं. मग वीसच्या चालीनं निघालो. हळदीचे दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजत होती, आणि इतक्या हळू जात होतो की एका कढईचा वाफारा संपेपर्यंत दुसरीचा यायचा. करुणा म्हणाली, "चालवा की जरा." तिच्या आवाजात राग नव्हता. आरशात तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. बाळापूरच्या अलीकडे एका जीपवाल्यानं आम्हाला घेतलं. आता कळतं की गाडी बदलताना चतुराबाईनं ते काढून बरोबर घेतलं असणार, आणि जीपवाल्याच्या पायाशी लावलं असणार. जुन्या जीपला तारेचं पेडल. ती सुसाट गेली. नांदेडच्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आणेपर्यंत करुणा गेली होती.

त्यानंतर मी तीन डॉक्टरांना विचारलं, अर्धा तास आधी पोचलो असतो तर. एक म्हणाले, सांगता येत नाही. दुसरेही तेच म्हणाले. तिसऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला हात नको होता, उत्तर हवं होतं. डॉक्टरांकडे ते नव्हतं, म्हणून मी ज्या प्रश्नाला उत्तर असू शकतं तो धरला. गाडी का थांबली. शिवशंकरनं दुसऱ्या दिवशी ती आणली तेव्हा नीट चालत होती. वर्कशॉपवाल्यांनी आतली नोंद वाचली, पेडलचे दोन आकडे जुळले नाहीत, एवढंच होतं. मी ते पेडल काढून घरी आणलं, गाडीला दुसरं बसवलं, आणि त्या पेडलला जे काही करता येतं ते सगळं केलं. करुणाच्या केस वाळवायच्या मशीननं तापवलं. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं. ओल्या फडक्यात चार दिवस गुंडाळलं. मिक्सरच्या भांड्यावर बांधून हलवलं. आधीही मी स्वयंपाकघरातच असले उद्योग करायचो. फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी सेन्सरचा स्टीलचा डबा बघून करुणा विचारायची, "आज कोण आजारी?" मी सांगायचो आणि ती खरंच ऐकायची, पोळ्या लाटताना. एकदा तिनं विचारलं होतं, त्या चिपेला तिचं स्वतःचं चुंबक आणि बाहेरचं चुंबक यातला फरक कसा कळतो. मी म्हणालो, कळत नाही. तिला जेवढं जाणवतं तेवढं सगळं ती आपलंच समजते. "मग फसायची की कधीतरी," करुणा म्हणाली होती. मी म्हणालो, त्याच्यावर उपाय आहे, एकाच चिपेत दोन जागी मोजायचं आणि वजाबाकी करायची. बाहेरचं दोन्ही जागी सारखंच लागतं, ते वजाबाकीत जातं. आपलं तेवढं उरतं. "मग तसं काहून न्हाई करत?" तेव्हा पोळी करपायला आली आणि ते बोलणं राहून गेलं.

तसं का केलं नव्हतं, ते मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या बैठकीत कुणीतरी हाच प्रश्न काढला होता. बाहेरच्या चुंबकाची ठरलेली चाचणी आमचा सेन्सर पास होत होता. त्याहून मोठं चुंबक आलं तर काय, असा प्रश्न होता. मी उभा राहून म्हणालो, ड्रायव्हरच्या पायाशी चुंबक कोण ठेवणार? सगळे हसले. मीही हसलो. साधी चिप ठरली. बोलणं बरोबर होतं, अजूनही कुठल्याही बैठकीत बरोबरच वाटेल. मी औंढ्याचा. नागनाथाच्या देवळाबाहेर वडलांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. नव्या गाड्यांना नारळ, लिंबू, काळी बाहुली मी स्वतः विकली आहे. त्या खोलीत हे ठाऊक असणारा मी एकटाच होतो.

फोन वाजला. पुण्याहून दीक्षा. ती मूळची वसमतची, माझ्या हाताखाली लागली, आता नव्या सेन्सरचं काम तिच्याकडे आहे. "सर, डिस्टर्ब नाही ना करत? ती तुम्ही नोंदवलेली तुमच्या पेडलची तक्रार तेवढी उघडी राहिलीय. 'दोष आढळला नाही' असं लिहून ठेवलंय मी, तुमची सही झाली की बंद. पाचपर्यंत झालं तर बरं. नव्या डिझाइनची मंजुरी त्याच्यावर अडलीय. तीच साधी चिप ठेवतोय."

"पाचपर्यंत सांगतो," म्हणालो.

चतुराबाई डोळे मिटूनच म्हणाली, "जा तुमी, काम असंल तर. मी कुठं पळून चालले."

मी उठलो. खरं तर कामच होतं. गाडी दवाखान्याच्या मागं लिंबाच्या झाडाखाली लावली होती. डिकीतून ते काढलं, फडकं सोडलं. काळं, गोल, मधे भोक, कडेला एक टवका उडालेला. तेलकट होतं. लॅपटॉप शेजारच्या सीटवर ठेवला, स्टिअरिंगखालच्या खोबणीत वायर लावली, दोन्ही चिपांचे आकडे पडद्यावर घेतले. नुसत्या गाडीचे आकडे जुळलेले. चुंबक तिनं लावलं होतं तिथं लावलं. पेडल हातानं अर्धं दाबलं, अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास. ठीक. पूर्ण दाबलं, एक्क्याऐंशी आणि त्र्याहत्तर. दिवा लागला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सोडून दिलं की जुळत होते, पूर्ण दाबलं की तुटत होते. म्हणजे घाई केली नसती, अर्ध्या पायानं साठनं गेलो असतो, तर पोचलो असतो. पोचलो असतो म्हणजे काय झालं असतं, ते पुन्हा डॉक्टरांचं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला आता हे कळायला हवं होतं की चुंबक किती लांब नेलं की आकडे जुळतात. दहा महिन्यांनी प्रश्नानं तोंड दाखवलं होतं आणि मी त्याच्यावरून नजर काढू शकत नव्हतो. पण एका हातानं पेडल धरायचं, दुसऱ्यानं चुंबक सरकवायचं आणि पडदाही बघायचा, हे जमत नव्हतं. पत्र्याशी चुंबक झटके घेत होतं.

"काय करून राहिले?"

तपासणी उरकली होती, दवाखान्यातल्या मुलीनं तिला हाताला धरून आणलं होतं. डोळ्यांवर काळा प्लास्टिकचा चष्मा. मुलगी गेली. चतुराबाई गाडीचं दार चाचपत उभी राहिली.

"काही न्हाई. गाडी तपासून राहिलो."

"लोखंड हाय तुमच्या हातात."

"दिसतंय तुम्हाला?"

"काय दिसतंय, सगळं पांढरं. वास येतो त्याचा. करडीचं तेल लावते मी त्याला."

त्या क्षणी मला खोटं बोलता आलं असतं. वायर सैल होती, मामी. उंदरानं कुरतडली होती. तिनं मानलं असतं आणि तिचे फोन थांबले असते. मी ते वाक्य तयारही केलं होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं. "मामी, जरा इथं बसून पेडल दाबून धरता का? मला दोन हात पुरत न्हाईत."

मला तिसरा हात हवा होता, एवढंच डोक्यात होतं. मी कुणाला काय करायला सांगतोय, ते ती सीटवर बसल्यावर लक्षात आलं. ती आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागं बसत होती. लुगडं आवरलं, चप्पल बाहेर काढून ठेवली, आणि पायानं पेडल शोधलं.

"हे?"

"व्हय. पूर्ण दाबा."

"पळायची न्हाई ना?"

"न्हाई. इंजिन बंद हाय."

तिनं दाबलं. मी खाली गुडघ्यावर बसून चुंबक पत्र्यावर लावलं आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "तुटले." सरकवलं. "तुटले." अजून सरकवलं. "तुटले. आता जुळले."

"कोण जुळले?"

मी तिला सांगितलं. दोन चिपा, दोन आकडे. सोपं करून नाही, जसं करुणाला सांगायचो तसं सांगितलं. ती मधे मधे "बरं" म्हणत होती. मग म्हणाली, "आणा ते इकडं." चुंबक हातात घेतलं, दुसऱ्या हातानं पत्रा चाचपला, आणि आपल्या नेहमीच्या जागी बरोबर नेऊन लावलं. दिसत नसताना.

"बोला."

"तुटले."

तिनं काढलं. "बोला."

"जुळले."

पुन्हा लावलं. मी बोलायच्या आधीच पडद्यावर आकडे तुटले, ते तिला दिसले नसतील. ती काही वेळ पेडल दाबून तशीच बसून राहिली. लिंबाखाली एक माणूस मोटारसायकल पुसत होता.

"त्या दिशी बी असंच झालं."

"व्हय."

"कळमनुरीच्या पुढं."

"व्हय."

"तुटल्यावर गाडी हळू काहून होती? बंद तरी पडावं, न्हाई तर चालावं."

"ती भिते. दोघातलं खरं कोण ते कळत न्हाई तिला. पळाली आणि चुकली तर माणूस मरंल, म्हणून हळू होती. तसं बनवलंय."

"माणूस मरू न्हाई म्हणून."

"व्हय."

"मी बी त्याच्यासाठीच लावलं होतं," चतुराबाई म्हणाली.

मी म्हणालो, "मामी, चूक माझी हाय. दुसरी चिप घेतली असती तर ह्या चुंबकानं काही झालं नसतं. मला विचारलं होतं लोकांनी. मी म्हनलो, पायाशी चुंबक कोण ठेवतंय. हसलो."

"तुमाला काय म्हाईत, आमी काय ठेवतो," ती म्हणाली. "इचारलं बी न्हाई तुमी कधी. मी वाकले की तुमी घड्याळ बघायचे."

तिनं काळा चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, थेंबांमुळे असेल, पुन्हा घातला.

"किती लांब लावलं असतं तर चाललं असतं?"

हे मी मोजलं होतं. थोड्याच वेळापूर्वी मीच मोठ्यानं म्हणालो होतो, आता जुळले, आणि ती जागा नखानं पत्र्यावर खूण करून ठेवली होती. हातभर म्हणावं असं वाटलं. हातभर लांब पत्राच नव्हता, आतल्या बाजूला. मग तिथं ठेवताच आलं नसतं, मग कुणाचा काही इलाज नव्हता. पण तिनं पुन्हा मोजायला लावलं असतं. आणि मी दहा महिने तिला म्हणत होतो, कळलं की सांगीन.

"चार बोटं," मी म्हणालो.

तिनं वाकून चुंबकाच्या कडेला आपली चार बोटं लावली. बोटं हळदीनं कायमची पिवळी झालेली, मधलं वाकडं. ती तिथंच ठेवून ती बसली. मी पडद्याकडे बघितलं. बघायची गरज नव्हती. मग मी लॅपटॉप मिटला, आणि तिचा हात धरून तिला खाली उतरवलं.

पाच वाजायला अजून वेळ होता, मी तिथंच उभा राहून दीक्षाला फोन लावला. तक्रार बंद करू नकोस म्हणालो. दोष आढळलाय. पायाशी मोठं चुंबक लावलं की पूर्ण दाबल्यावर आकडे तुटतात. वजाबाकीवाली चिप घ्यावी लागेल.

"सर, पण खर्च वाढणार, आणि मंजुरी पुन्हा पहिल्यापासून." ती चिडली नव्हती, थकली होती. "आणि ते मला विचारतील की असं चुंबक कोण लावणार."

चतुराबाई फोनच्या जवळच उभी होती. तिनं हात पुढं केला. मी फोन दिला.

"मी लावते," ती म्हणाली. "चतुराबाई किशनराव. डोंगरकडा. तू कुठली गं, माय?"

पलीकडून दीक्षाचं बोलणं बारीक ऐकू आलं, ती वसमतचं काहीतरी सांगत होती, तिच्या आजीनं बाबांच्या रिक्षाच्या हँडलला काय बांधलं होतं ते. चतुराबाई ऐकत होती आणि "बराबर हाय" म्हणत होती. फोन परत देताना म्हणाली, "लिहून राहिली ती. माझं नाव लिवते म्हनली. लिव म्हनलं."

"तुमचं नाव न्हाई लागत तिथं."

"लागलं तर?"

तिला सोडायला मी डोंगरकड्याला निघालो. ती म्हणाली होती बसनं जाते, पण डोळ्यांनी पांढरं दिसत असताना बसमधे कुठं चढणार. गाडीपाशी आल्यावर ती चुंबक हातात धरून उभी राहिली. मी विचारलं नाही. तिनंच विचारलं, "कुठं लावू?" मी तिच्या बाजूचं दार उघडलं आणि तिच्या पायाजवळचा पत्रा तिच्या हाताला दाखवला. तिनं ते तिथं लावलं, हात कपाळाला नेला, आणि बसली. आम्ही गावाबाहेर पडलो. औंढ्याकडची वाट सोडून कळमनुरीच्या रस्त्याला लागलो. मी बाजूनं जाणाऱ्या वाहनांकडे बघत होतो, प्रत्येकाच्या उजव्या पायाशी काय असेल, असं मनात येत होतं. त्या टेम्पोत, त्या जीपमध्ये, त्या नव्या पांढऱ्या गाडीत, जिच्या चाकांना अजून पूजेचा बुक्का होता. हे मोजायला कुणी बसलं तर कुठून सुरुवात करील, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना विचारावं लागेल, आणि त्या सांगतील का. कळमनुरी गेली. रस्ता मोकळा होता. पुढं कुणीच नव्हतं, तरी मी पाय पूर्ण दाबला. काटा साठ, सत्तर, नव्वदवर गेला. खिडकीतून वारा जोरात आत येऊ लागला आणि तिनं पदर दातात धरला. मग पदर सोडून म्हणाली, "अशी पळते व्हय ही."

मी म्हणालो, "व्हय."